सायलेन्सर कुणासाठी?

जुन्या गाडीची एक्झॉस्ट व्यवस्था बदलणे हे वरवर पाहता निव्वळ मिस्त्रीकाम आहे. बेंड पाइप उतरवायचा, सायलेन्सर काढायचा, दुसरा बसवायचा, कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा आणि गाडी मालकाच्या हवाली करायची. मात्र या तासाभराच्या कामात तत्त्वज्ञानाचे दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते काय, हा पहिला. वस्तूवर मालकी आहे म्हणून तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गोष्टीवरही मालकी सांगता येते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. दुसऱ्याकडे त्यांनी अशा रूपात पाहिले नाही, तरी त्याचे उत्तर शोधताना त्यांचीच सामग्री अधिक उपयोगी पडते.

दोन्ही प्रश्न एकत्र पाहायचे तर छत्रपती संभाजीनगरचे पुंडलिकनगर हे चांगले ठिकाण आहे. गारखेडा परिसरातील ही दाट वस्ती आहे. रस्त्याला लागून दुकाने आणि गॅरेजेस, त्यांच्या मागे भिंतीला भिंत लागलेली घरे, मधून अरुंद गल्ल्या. शहराचे पोट बऱ्याच अंशी वाहन उद्योगावर चालते. वाळूजच्या बजाजच्या कारखान्यात 1985 पासून दुचाकी तयार होत आहेत. तरीही एक्झॉस्ट बदलण्याची हौस बहुधा दुसऱ्याच गाडीवर भागवली जाते. ती गाडी म्हणजे जुनी बुलेट.

रॉयल एन्फिल्डची बुलेट 1955 पासून मद्रासेत बनू लागली, ती प्रामुख्याने लष्कराच्या मागणीसाठी. तिचे जुने कास्ट आयर्न इंजिन 346 सीसीचे, एका सिलिंडरचे, फोर स्ट्रोक. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. मिनिटाला 1000 फेऱ्या धरल्या तर सेकंदाला आठाच्या आसपास स्फोट झाले. कान एवढे ठोके जवळजवळ वेगळे ओळखू शकतो, आणि बुलेटची ती प्रसिद्ध धडधड यातूनच येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे जळलेला वायू धक्क्यासरशी नळीत घुसतो. हा धक्का जसाच्या तसा रस्त्यावर पडला तर त्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा होईल. सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि भोकाभोकांच्या नळ्या असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरतो, आवाजाच्या लाटा पत्र्यावर आपटून परत फिरतात, एकमेकींना छेदतात, आणि काही ऊर्जा उष्णतेत विरते.

गॅरेजमध्ये होते ते नेमके याच्या उलट. मागचा स्क्रू काढून पकडीने आतली पुंगळी ओढली जाते. काजळीने माखलेली, हातभर लांबीची ती जाळीदार नळी बाहेर आली की सायलेन्सर म्हणजे नुसता पोकळ पत्रा उरतो. काही जण एवढ्यावर न थांबता अख्खा सायलेन्सर बदलून ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाबी’ बसवून घेतात. चालत्या गाडीचे इग्निशन क्षणभर बंद करून पुन्हा चालू केले की न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत पेट घेते आणि फटाका वाजतो. नळी मोकळी केल्याने इंजिनाची ताकद वाढते ही समजूत बहुतेक वेळा खोटी असते. जेट तोच ठेवून नळी मोकळी केली तर मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. वाढतो तो आवाज.

आता पहिला प्रश्न. टाकी नवी, मडगार्ड नवे, सीट नवी, सायलेन्सर नवा. ही आजोबांचीच बुलेट काय? या प्रश्नाचे एक जुने आणि धारदार उत्तर ज्या ग्रंथात आहे, त्यातली दोन नावे याच शहरात रोज उच्चारली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला मिनँडर, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारतो. नागसेन त्याला उलट विचारतो, की महाराज, आपण रथातून आलात ना, मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ? नाही. आस? चाके? जू? नाही. हे सगळे एकत्र? तेही नाही. मग याखेरीज वेगळा रथ आहे? तोही नाही. राजाला कबूल करावे लागते की या सगळ्या भागांच्या आधाराने व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. हाच दृष्टांत संयुत्तनिकायात वजिरा नावाच्या भिक्षुणीच्या तोंडी आधीच येऊन गेला आहे. बुलेटला तो जसाच्या तसा लावता येतो. सायलेन्सर बदलल्याने बुलेटपण गेले, असे म्हणणाऱ्याने ते कोठे होते हे आधी दाखवायला हवे.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते भागांचा नुसता ढीग आणि अवयवी, म्हणजे भागांपासून बनलेली अख्खी वस्तू, यांत फरक आहे. धागे एकत्र आले की पट नावाची एक नवी, खरीखुरी वस्तू निर्माण होते आणि ती धाग्यांत समवाय संबंधाने राहते. ढिगाने थंडी भागत नाही, पटाने भागते. मात्र या भूमिकेची एक किंमत आहे आणि वैशेषिकांनी ती प्रामाणिकपणे मोजली. एक धागा जरी काढला तरी जुना पट नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांचा नवा पट जन्माला येतो. ‘तोच हा’ अशी ओळख पटते ती साम्यामुळे. या हिशेबाने पुंगळी काढल्याक्षणी आजोबांची बुलेट संपली आणि मालकाच्या हाती अगदी तशीच दिसणारी दुसरी बुलेट आली. गॅरेजवाल्याला हे सांगितले तर तो हसेल. पण अवयवी खरा मानायचा आणि भाग बदलूनही तो टिकतो असेही म्हणायचे, ही सोय तर्काला फुकट मिळत नाही.

याच परंपरेतला आणखी एक वाद बेंड पाइपवर तर डोळ्यांनी पाहता येतो. क्रोमचा नवा पाइप इंजिनाच्या तोंडाशी काही दिवसांत आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा पडतो. मातीचे मडके भट्टीत काळ्याचे लाल होते तेव्हा नेमके काय बदलते, यावर वैशेषिक आणि नैयायिक भांडले. वैशेषिकांचा पीलुपाकवाद म्हणतो की आगीत मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांच्यापासून नवे मडके तयार होते. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो की मडके तेच राहते आणि अख्ख्या मडक्याचाच रंग बदलतो. आजचे पदार्थविज्ञान निळ्या रंगाचे कारण पृष्ठभागावर जमणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरात शोधते. त्याने वाद मिटत नाही, कारण रंग कशाने आला आणि रंग पालटलेली वस्तू तीच की दुसरी, हे प्रश्न निराळे आहेत.

जैनांनी मधला मार्ग काढला असे सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. त्यांचा दावा उलट अधिक धाडसी आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही मिळून सत्तेचे लक्षण होते. जे बदलत नाही ते असूच शकत नाही. सोन्याचा कलश मोडून मुकुट केला, तर कलश गेला, मुकुट आला आणि सोने राहिले. तिन्ही विधाने एकाच वेळी, पूर्णपणे खरी. ही तिन्ही मते मांडणाऱ्या परंपरा शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळच्या एकाच डोंगरात शेजारी आहेत. 1 ते 12 क्रमांकाची लेणी बौद्धांची, 13 ते 29 हिंदूंची, 30 ते 34 जैनांची. दगडात मात्र भाग बदलण्याची सोय नाही. कैलास लेण्याचा हत्ती फुटला तो फुटलाच.

युरोपात हाच प्रश्न एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजावरून चर्चिला गेला. प्लुटार्कने तो नोंदवला आणि सतराव्या शतकात हॉब्जने त्याला पीळ दिला: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? गॅरेजच्या माळ्यावर टाकलेल्या जुन्या सायलेन्सरांच्या ढिगाकडे पाहताना हा प्रश्न तितकासा पुस्तकी वाटत नाही.

कायदा या वादात पडत नाही. त्याच्या दृष्टीने गाडीची ओळख चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसीवरील तपशिलात आहे, म्हणजे जवळपास नागसेनाच्याच पद्धतीची, व्यवहारासाठी दिलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गंमत अशी की आरसीवर सायलेन्सरचा उल्लेखच नसतो. सायलेन्सरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळा नियम आहे, 120 क्रमांकाचा. प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारे साधन असलेच पाहिजे, असे तो सांगतो. गाडीच्या ओळखीत ज्याला जागा नाही, त्याला कर्तव्याच्या यादीत मात्र जागा आहे. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

गाडीच्या भागांकडे एका विशिष्ट नजरेने पाहिले तर हा फरक उलगडतो. सीट बसणाऱ्यासाठी, हँडल चालवणाऱ्यासाठी, टाकी इंजिनासाठी. सायलेन्सर मुख्यतः जे गाडीवर बसलेले नाहीत त्यांच्यासाठी आहे. त्याची किंमत मालक मोजतो, वजन गाडी वाहते आणि लाभ गल्लीला मिळतो. त्यामुळे तो काढणे म्हणजे आपल्या वस्तूचा एक भाग काढणे एवढेच ठरत नाही. दुसऱ्यांसाठी केलेली तजवीज त्यांना न विचारता मोडली जाते. टाकीवर कुणी काय रंगवावे हा मालकाचा प्रश्न आहे, आणि त्यावर इतरांनी नाक मुरडणे ही निव्वळ कुरकुर. सायलेन्सरबाबत ते तसे नाही.

हे तपासून पाहायला एक टोकाचे उदाहरण घेता येते. बर्फावर पट्ट्यांनी चालणाऱ्या स्नोकॅट नावाच्या गाड्या असतात. व्हिव्हियन फुक्स यांच्या राष्ट्रकुल मोहिमेने अमेरिकेतल्या टकर कंपनीच्या अशा चार गाड्या घेऊन 24 नोव्हेंबर 1957 ते 2 मार्च 1958 या 99 दिवसांत अंटार्क्टिका खंड आरपार ओलांडला. आज कुणी तसली जुनी गाडी दुरुस्त करायला घेतली आणि तिचा एक्झॉस्ट बदलला, तर पहिला प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. दुसरा जवळजवळ नाहीसा होतो, कारण निर्जन बर्फात ऐकणारे कुणी नसते. तिथे धोका चालकालाच असतो. अशा गाड्यांत बऱ्याचदा इंजिन केबिनला लागून असते. एक्झॉस्टचा सांधा गळका असेल तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड बंद केबिनमध्ये साचतो. म्हणून नळी केबिनपासून दूर, वर नेणे हा बदल शहाणपणाचाच म्हणावा लागेल. कृती तीच, नळी बदलण्याची. तिची नैतिक किंमत भोवताली कोण आहे यावरून ठरते.

आवाज कुणाचा, या प्रश्नाला न्यायदर्शनाकडे एक विलक्षण उत्तर आहे. नैयायिकांच्या मते शब्द, म्हणजे कोणताही आवाज, हा आकाशाचा गुण आहे, आणि आकाश एकच, अखंड, सर्वव्यापी आहे. आवाज पसरतो कसा यासाठी त्यांनी दोन दृष्टांत दिले. पाण्यावरच्या तरंगांप्रमाणे एकातून दुसरा उठत जातो, हा वीचितरंगन्याय. किंवा कदंबाच्या कळीप्रमाणे तो सर्व बाजूंनी एकदम फुटतो, हा कदंबमुकुलन्याय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे श्रवणेंद्रिय हे त्यांच्या मते वेगळे द्रव्य नाही. कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले तेच आकाश म्हणजे कान. हे खरे धरले तर बुलेटचा आवाज बाहेरून येऊन ऐकणाऱ्यावर आदळत नाही. तो त्याच्याच कानात, त्याच्याच इंद्रियात घडतो. आधुनिक ध्वनिशास्त्राने आकाशाच्या जागी हवा आणली, पण सामाईक माध्यमाचा मुद्दा त्याने बदललेला नाही. ज्याला कुंपण घालता येत नाही, त्यावर सातबारा निघत नाही.

आकडे हेच दुसऱ्या भाषेत सांगतात. 175 सीसीहून मोठ्या मोटारसायकलसाठी कंपनीने नवी गाडी बाजारात आणताना पाळायची मर्यादा 80 डेसिबल आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागातील सर्वसाधारण आवाज दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलच्या आत असावा. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. 10 डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे नियमात बसणारी गाडीसुद्धा जाताना गल्लीतल्या अपेक्षित शांततेच्या कितीतरी पट आवाज करते. पुंगळी काढल्यावर त्यात आणखी भर पडते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तो आवाज उचलून परत गल्लीत फेकतात. नियमातली रात्र दहा ते सहा. चिकलठाणा किंवा वाळूजला तिसरी पाळी करून सकाळी झोपणाऱ्या कामगाराची रात्र या व्याख्येत बसत नाही, आणि नियमांचे हे अपुरेपण मान्य करायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 च्या निकालात शांततेचा संबंध घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडला आहे.

पण हक्काची भाषा इथे थोडी तोकडी पडते, कारण आवाजाने होणारा त्रास बहुतेक वेळा किरकोळ असतो. झोप मोडते, बाळ दचकते, अभ्यासातली ओळ हुकते. त्यासाठी न्यायालयात कोण जाणार? जैन आचारशास्त्राकडे नेमका असल्या किरकोळ हिंसेसाठी एक विभाग आहे. गृहस्थाला संपूर्ण अहिंसा शक्य नाही हे ते गृहीत धरते. शेती, स्वयंपाक, प्रवास यांत हिंसा होणारच. म्हणून गृहस्थाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत सांगितले आहे: ज्यातून कुणाचेही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा टाळणे. त्याच्या प्रकारांत प्रमादाचरित म्हणजे बेफिकिरीने, उगाच केलेली कृती, हा एक आहे. कामावर जाताना गाडीचा जो आवाज होतो तो अर्थदंड, म्हणजे प्रयोजन असलेली हिंसा. फटाका वाजवण्यासाठी इग्निशन बंद-चालू करणे हा अनर्थदंड. हा भेद डेसिबल मोजण्याच्या यंत्राला कळत नाही. दोन्ही आवाज सारख्याच आकड्याचे असू शकतात.

मराठीत या सूक्ष्म अहिंसेचे सर्वांत सविस्तर विवेचन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे. हा ग्रंथ शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली नेवाशात पूर्ण झाला. गीतेत तिथे अहिंसा हा एकच शब्द आहे. ज्ञानेश्वर त्यावर दीर्घ निरूपण करतात. यज्ञ आणि औषधोपचार यांच्या नावाने होणाऱ्या हिंसेवर बोट ठेवून ते चालणे, पाहणे, बोलणे आणि हातांची हालचाल यांकडे वळतात. अहिंसा मनात असेल तर ती चालीत उतरते, असा त्यांचा रोख आहे. माणसाची चाल कशी आहे यावरून त्याच्या मनात दुसऱ्याला किती जागा आहे हे कळते, ही कसोटी दुचाकीलाही लावता येईल.

आक्षेप बरेच घेतले जातात. मोठ्या आवाजाने ट्रकवाल्याला गाडी कळते आणि अपघात टळतो, हा त्यांतला नेहमीचा. त्यात तथ्य कमी आहे. एक्झॉस्टचा जोर मागे असतो आणि धोका बहुधा समोरून किंवा बाजूने येतो. शिवाय इशारा देण्यासाठी गाडीला हॉर्न आहे. मिरवणुकीत डीजे चालतो, मग बुलेटच का, हा दुसरा. त्यातली चीड समजण्यासारखी आहे, पण एक अन्याय दाखवून दुसरा न्याय्य ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नसल्याचे सांगितले. हा तर्क देवाच्या नावाने होणाऱ्या आवाजाला लागू असेल तर हौसेच्या आवाजाला तो अधिकच लागू पडतो.

खरा वजनदार आक्षेप तिसरा आहे, आणि तो रसिकाचा आहे. त्याचे म्हणणे असे की बुलेटची धडधड हाच तिचा प्राण आहे. ती दाबली तर गाडी उरते, बुलेट उरत नाही. पहिल्या प्रश्नातील वाद इथे कामाला येतो. बौद्धांच्या हिशेबाने असा प्राण कुठल्याही भागात सापडणार नाही. पण नैयायिक रसिकाच्या बाजूने बोलू शकेल: वस्तूला तिचे विशिष्ट गुण असतात आणि ते खरे असतात. ते मान्य करूनही प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. कंपनीतून निघालेल्या मूळ सायलेन्सरमधूनही धडधड ऐकू येते, कारण ती ठोक्यांच्या लयीत आहे. लय सेकंदाला आठ ठोक्यांची. पुंगळी काढली तरी ठोके तेवढेच राहतात, फक्त मोठे होतात. रसिकाला हवी असलेली गोष्ट आणि गल्लीला नको असलेली गोष्ट या वेगळ्या करता येतात.

महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवतात. वृत्तपत्रांत त्याचे फोटो येतात. दंडशक्तीचा हा देखावा परिणामकारक असेलही, पण त्याने चुकीची वस्तू दोषी ठरते. बौद्ध मताप्रमाणे कर्म म्हणजे चेतना, हेतू. पत्र्याला हेतू नसतो. त्यातून जुन्या गाड्यांच्या प्रामाणिक मालकांची पंचाईत होते ती वेगळीच. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा मूळ सायलेन्सर गंजून आतून कुजतो, कप्पे गळून पडतात आणि गाडी मालकाने काहीही न करता मोठ्याने वाजू लागते. मूळ भाग मिळत नाही. अशा वेळी बदल करावाच लागतो, आणि तो पहिल्या अर्थाने बदल असला तरी दुसऱ्या अर्थाने दुरुस्तीच असते. जुन्या सायलेन्सरचा पत्रा लांबीत कापून आतले कुजलेले कप्पे काढायचे, भोकांची नवी नळी घालायची, तिच्याभोवती ग्लासवूल दाबून भरायचे, मग वेल्डिंग करून सांधा घासायचा. जेट मूळ मापाचाच ठेवायचा. हे करता येणारे मिस्त्री शहरात आहेत. काम मोकळ्या नळीपेक्षा महाग पडते, वेळ जास्त लागतो आणि गाडी गॅरेजमधून निघताना रस्त्यावरच्या कुणाचे लक्षही जात नाही.